स्वप्नातला राखणदार आणि दुपारचे साडेतीन

प्रश्न : आम्ही मूळचे वेंगुर्ले तालुक्यातले. यजमानांच्या नोकरीमुळे गेल्या जूनमध्ये आम्ही तिघे पुण्यात आलो. सासूबाई गावीच आहेत. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. गावी ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, इथे इंग्रजी माध्यमात घातली. तिच्या बोलण्याला वर्गात मुले हसतात असे तिने सुरुवातीला सांगितले होते, म्हणून लवकर सवय व्हावी या हेतूने आम्ही घरातही मालवणी बोलणे बंद केले. आता ती शाळेतले काहीच सांगत नाही. शाळा सुटून ती साडेतीनला घरी येते, मी कामावरून सातला पोहोचते; तेवढा वेळ ती एकटीच असते. सुरुवातीचे काही महिने ती रात्री ‘लिफ्ट अडकली’ म्हणून रडत उठायची, ते दिवाळीनंतर थांबले.

गेल्या आठवड्यात गॅलरीतल्या एका रिकाम्या कुंडीत काळी पडलेली केळी सापडली. त्याच दिवशी तिच्या दप्तरात एक वही दिसली आणि ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आमची इमारत अकरा मजल्यांची आहे, पण वहीत लिफ्ट चौदाव्या मजल्यावर जाते. तिथे पाऊस पडत असलेले एक रिकामे गाव आहे. तिथला एक देव तिला भेटतो, त्याला तिने ‘पाणंदीतलो’ असे नाव दिले आहे. तो पुढे काठी आपटत चालतो, तोंड दाखवत नाही, त्याच्या वहाणा टाचेकडे झिजलेल्या आहेत. ती त्याला रोज गाऱ्हाणे घालते, ‘बा म्हाराजा, आज जी माका हसली तेंका बरी बुद्धी दी’, आणि पुढच्या ओळीत ‘व्हय म्हाराजा’ असेही स्वतःच लिहिते. एका पानावर ‘आज सपान पडला नाय, म्हणून डोळे मिटून मनातसून गेलंय’ असे आहे. सर्वांत भीती वाटली ती एका पानाची. तिथे तिने त्याला विचारले आहे, ‘मी हयच रवू काय?’ त्यावर त्याने मान हलवून नाही म्हटले आणि तिला लिफ्टपर्यंत परत आणून सोडले.

यजमान म्हणतात, घरात देव असताना असले मनचे देव कशाला, वही फाडून टाक. नणंद म्हणते बाधा झाली आहे, जाणत्याकडे न्या. मी वही वाचल्याचे मुलीला अजून माहीत नाही. तिला काही मानसिक आजार झाला असेल का? मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या भीतीला आधी उत्तर देतो. जे तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमच्या मुलीला मानसिक आजार झाला आहे असे म्हणण्याजोगे मला काहीही दिसत नाही; उलट एका कठीण वर्षातून तिने स्वतःपुरता काढलेला मार्ग दिसतो, आणि तो बऱ्यापैकी शहाणपणाचा आहे. मात्र ती एकटी पडली आहे, हे खरे आहे, आणि तो प्रश्न वहीतल्या देवाचा नसून तुमच्या घराचा, तिच्या शाळेचा आणि दुपारी साडेतीन ते सात या वेळेचा आहे. पत्रातला बराचसा मजकूर तुम्ही देवाविषयी लिहिला आहे आणि या साडेतीन तासांना एकच वाक्य दिले आहे. माझ्या उत्तरात हे प्रमाण शक्य तितके उलटे करण्याचा मी प्रयत्न करणार आहे, परंतु तिथे जाण्यापूर्वी हा राखणदार कोण आहे ते नीट पाहिले पाहिजे.

तुम्ही वेंगुर्ल्याच्या आहात, त्यामुळे तो तुमच्या ओळखीचा असायला हरकत नव्हती. आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, ही श्रद्धा तुमच्या मुलीने शाळेत जाण्याच्या आधीपासून, बहुधा आजीच्या तोंडून, ऐकलेली असणार. कुंडीतली केळी आणि टाचेकडे झिजलेल्या वहाणा तिथूनच आल्या आहेत. कोकणात घरटी, वाडीवाडीला जागेचा राखणदार असतो. अनेकदा त्याला मूर्तीही नसते, झाडाखालचा एखादा दगड असतो, आणि काही बिनसले की नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणे घालतात. तुमच्या मुलीला अकरा मजल्यांच्या इमारतीत असा राखणदार कुठेच सापडला नाही, तेव्हा तिने हाताशी असलेल्या सामानातून एक उभा केला. यजमान ज्याला मनचा देव म्हणतात तो त्यांच्याच गावाच्या वेशीवरून आलेला आहे, हे त्यांना सांगितल्यास त्यांचा राग काहीसा निवळेल असे मला वाटते. घरातल्या देव्हाऱ्याशी त्याची स्पर्धा नाही. गावी तरी घरचा देव आणि वेशीवरचा राखणदार यांच्यात कोणी भांडण लावते काय?

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून गेला आहात. लिफ्ट अडकल्याच्या स्वप्नाने ती रडत उठत असे आणि दिवाळीनंतर ते थांबले, असे तुम्ही म्हणता. वहीतल्या मजकुरात लिफ्ट अडकत नाही, ती नसलेल्या चौदाव्या मजल्यावर जाऊन उघडते आणि तिथे कोणीतरी वाट पाहत उभा असतो. तारखा तुम्ही दिलेल्या नाहीत, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर मानसोपचारतज्ज्ञ एक पद्धत वापरतात, तीत जागेपणी ते स्वप्न आठवून त्याचा शेवट स्वतः बदलायचा असतो आणि तो बदललेला प्रसंग रोज मनात घोळवायचा असतो. लहान मुलांकडून अनेकदा त्याचे चित्र काढून घेतात किंवा स्वप्नात एखादा मदतनीस आणायला सांगतात. तुमच्या मुलीने बहुधा हेच कोणी न शिकवता केले आहे. आणि ‘सपान पडला नाय, म्हणून मनातसून गेलंय’ हे जे तिने लिहिले आहे, त्यावरून एवढे तरी निश्चित होते की स्वप्न कोणते आणि आपण मनाने रचलेले कोणते, यातला फरक तिला स्वच्छ कळतो. भ्रम झालेल्या माणसाला हा फरक करता येत नाही.

अशी मुले आणखी असतात का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, परंतु प्रत्येक आईच्या मनात तो असतो. असतात, आणि पुष्कळ असतात. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या 65 टक्के मुलांनी केव्हा ना केव्हा एखादा काल्पनिक सोबती निर्माण केलेला आढळला. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे त्या वयाच्या पुढे गेलेली आहे, हा आक्षेप योग्य आहे. पण या वयात कल्पनेतला सोबती नाहीसा न होता बरेचदा लपतो, वहीत जातो, आणि त्याच्याभोवती अख्खे गाव किंवा देश उभा राहतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ इंगे सायफ्गे-क्रेंके यांनी किशोरवयीन मुलामुलींच्या रोजनिशींतल्या अशा सोबत्यांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. अशी मुले लोकांत मिसळण्यात उणी असतात, हा समज त्यांच्या हाती आलेल्या माहितीत टिकला नाही.

संशोधनापेक्षा तुम्हाला एका मुलीची हकीकत अधिक उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड, जिचे खरे नाव ऑरोर द्यूपँ, हिचा जन्म 1804 चा. ती चार वर्षांची असताना तिचे वडील घोड्यावरून पडून वारले. नंतर तिची आई आणि तिची आजी यांचे पटेना. आई पॅरिसला निघून गेली आणि मुलगी नोआँ या खेड्यातल्या आजीच्या मोठ्या घरात राहिली. आजी बुद्धिवादी, चमत्कारांची थट्टा करणारी, आणि आई भाविक, त्यामुळे कोणाचा देव खरा मानायचा हेही त्या मुलीला ठरवता येईना. साधारण अकराव्या वर्षी, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाला, तिला झोपेत एक नाव सुचले, ‘कोरांबे’, आणि त्या नावाभोवती तिने स्वतःचा एक देव रचला. तो येशूसारखा दयाळू होता, देवदूतासारखा तेजस्वी होता, कधी पुरुष असे, पण बहुधा स्त्रीच्या रूपात येई. त्याच्याविषयी ती मनातल्या मनात न संपणारी गोष्ट रचीत असे, तीत तो पृथ्वीवर येऊन दुःखी माणसांचे सांत्वन करी. बागेलगतच्या झाडीत, मॅपलच्या झाडांच्या पायथ्याशी, तिने त्याच्यासाठी शेवाळ, शिंपले, रंगीत खडे आणि फुलांच्या माळा यांची वेदी केली होती. देवाला बळी द्यायचा असतो हे तिने वाचले होते, पण जीव घेणे तिला पटेना, म्हणून ती पक्षी, फुलपाखरे, सरडे, बेडूक पकडून आणी किंवा गावातल्या एका मुलाकडून मागवी, आणि वेदीवर डबी उघडून त्यांना सोडून देई. कोरांबेला पोहोचणारा नैवेद्य तो हाच. (आमच्याकडच्या काही मोठ्या माणसांनी ही कल्पना विचारात घ्यायला हरकत नाही.)

मग एके दिवशी तो मुलगा तिच्या मागोमाग झाडीत आला, त्याने ती वेदी पाहिली आणि सणाच्या दिवशी रस्त्यात मांडतात तशी ही किती सुंदर वेदी आहे, असे तो आनंदाने ओरडला. त्याने हसून टिंगल केली नव्हती, उलट कौतुकच केले होते, तरीही त्या क्षणी तिच्या लेखी सगळे संपले. तिने स्वतःच्या हाताने वेदी मोडली आणि माळा व शिंपले त्या ढिगाऱ्याखाली पुरून टाकले. 1854-55 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, तिने हे लिहिले आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो प्रसंग तिला अशा बारकाव्यांसह आठवत होता. वेदी मोडली तरी कोरांबे गेला नाही, तो मनात पुढे कितीतरी वर्षे राहिला. ती खरोखरीच्या कादंबऱ्या लिहू लागली तेव्हा तो निघून गेला, असे ती म्हणते. त्याला घालवण्यासाठी कोणाला काही करावे लागले नाही.

ही हकीकत तुम्हाला सांगण्याचे कारण असे, की तुमच्या घरात आज सर्वांत नाजूक गोष्ट कोणती असेल तर ती तुम्ही वही वाचली आहे ही आहे. दप्तर आवरताना वही उघडली गेली असेल, त्यात दोष नाही. पण शेवटच्या पानापर्यंत वाचणे हे आवरण्यात मोडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही अजून तिला सांगितलेले नाही. माझे मत असे आहे की सांगावे. न सांगता तुमचे वागणे बदलले, तुम्ही एकाएकी तिच्याकडे काळजीने पाहू लागलात, लिफ्टमध्ये शिरताना तिचा हात धरू लागलात, तर ते तिच्या लक्षात येईल, आणि मग आईने वाचलेही आणि लपवलेही, असा दुहेरी घाव बसेल. सांगताना थोडक्यात सांगा: तुझी वही मी उघडली आणि वाचली, तुला न विचारता वाचायला नको होती, पुन्हा वाचणार नाही, आणि बाबांना मी त्याविषयी बोलले आहे. एवढेच. पाणंदीतल्याचे नाव तुम्ही काढू नका, तो कसा दिसतो ते विचारू नका, किती छान लिहिले आहेस असेही म्हणू नका. कौतुकाने काय होऊ शकते ते वर आलेच आहे. ती चिडेल, कदाचित रडेल, कदाचित वही फाडून टाकेल. फाडली तर फाडू द्या, नवी वही आणून देऊ नका, तिला हवी असेल तेव्हा ती मागेल. ती स्वतः फाडते आणि वडील फाडतात यांतले अंतर मात्र फार मोठे आहे, आणि यजमानांना हे माझ्या नावाने सांगा: ती वही तुम्ही फाडली तर मुलगी देव सोडणार नाही, ती तुम्हाला काही सांगणे सोडेल.

आता ज्या पानाने तुम्ही घाबरलात त्या पानाविषयी. ‘मी हयच रवू काय?’ हा प्रश्न हलका नाही आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. इथे राहवत नाही, असे तिला एका दिवशी तरी इतके तीव्रतेने वाटले की तिने ते लिहिले. परंतु त्यापुढची ओळही तितक्याच लक्षपूर्वक वाचा. उत्तर देणारा तिनेच निर्माण केलेला आहे, त्याच्या तोंडून तिला हवे ते उत्तर मिळवता आले असते, आणि तिने त्याला नाही म्हणायला लावले. इतकेच नव्हे, तर तो तिला लिफ्टपर्यंत पोहोचवून गेला. म्हणजे परत यायचे आहे हे सांगणारा भाग तिच्या मनात जागा आहे, त्याच्या हातात काठी आहे, आणि तूर्तास तो आपले काम चोख करीत आहे. हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत दिलासा देणारा मजकूर वाटला.

तरीही दिलासा मिळाला म्हणून विचारायचे राहू नये. वही वाचल्याचे सांगून झाल्यावर एकदोन दिवसांनी, जेवणाच्या टेबलावर नव्हे, दोघी बरोबर चालत असताना किंवा भाजी निवडत असताना, तिला सरळ विचारा की इथे नकोसे वाटते का, कधी आपण नसतोच तर बरे झाले असते असे मनात येते का. असे विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला बोलण्याची परवानगी मिळते. उत्तर ‘हो’ आले तर घाबरून प्रवचन न देता ऐकून घ्या आणि त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे; मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. राखणदार तिला भिववू लागला, तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावी असे सांगू लागला, तिला नको असतानाही दिवसाढवळ्या त्याचा आवाज ऐकू येऊ लागला, तिची झोप आणि जेवण उडाले, किंवा त्या गावातून परत यायचे नाही असा मजकूर दिसू लागला, म्हणजे नाही म्हणणारा हो म्हणू लागला, तर वाट पाहू नका. हे शेवटचे समजण्यासाठी वही चोरून तपासत राहण्याची गरज नाही. अशी मुले दिवसाही बदललेली दिसतात, बोलण्यात निरोपाची भाषा येते, आवडत्या वस्तू वाटून टाकतात. आज यातले काही दिसत नसले, तरी शाळेतले त्रासाचे वातावरण लक्षात घेता एकदा समुपदेशकाला भेटून आल्यास नुकसान काहीच नाही.

नणंदेच्या सल्ल्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे विचार करण्यासारखे फारसे काही नाही. बाधा म्हणून मुलीला कोणाकडे नेले, तर तिच्या राखणदाराला तुम्ही तिच्यादेखत भूत ठरवाल, आणि ज्याने रात्रीचे रडणे थांबवले त्यालाच झाडून काढण्याचा घाट घालाल. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे यांसारखे प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहेत. नणंदेला दुखवायचे नसेल तर मुलगी डॉक्टरांना दाखवली आहे, त्यांनी काही नाही म्हणून सांगितले, एवढे सांगून विषय संपवा. ती प्रेमापोटीच बोलते आहे, हे मी गृहीत धरतो.

आता मूळ मुद्दा. गावात गाऱ्हाणे घालतात तेव्हा घालणारा एक असतो आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे दहा-वीस जण असतात. गाऱ्हाण्याचा निम्मा जोर त्या होकारात असतो, आपले म्हणणे आपल्या माणसांनी ऐकले आणि त्याला दुजोरा दिला, हे त्या आवाजातून कळते. तुमची मुलगी गाऱ्हाणेही स्वतः घालते आणि होकारही स्वतःच लिहिते, कारण तिच्याजवळ दुसरा कोणी नाही. पत्रातली ही एक ओळ वाचून मी बराच वेळ थांबलो. शाळेत ती मालवणी बोलली की हसतात, घरात मालवणी बंद केलेली, आजी चारशे किलोमीटरवर. ज्याच्याशी तिला तिच्या बोलीत बोलता येते असा या शहरात एकच उरला आणि तो चौदाव्या मजल्यावर राहतो. तुम्ही चांगल्या हेतूने भाषा बंद केली, पण मुलीला त्यातून असे समजले की वर्गातली मुले हसतात ते बरोबरच आहे, घरच्यांनाही आपल्या बोलण्याची लाज वाटते. आजपासून घरात मालवणी सुरू करा. घरची बोली बोलल्याने शाळेची भाषा मागे पडत नाही. दोन-तीन भाषा एकत्र सांभाळणारी मुले आपल्या देशात घरोघरी आहेत. आणि याविषयी तिच्याशी बैठक घेऊन काही बोलू नका, थेट मालवणीत ‘जेवलंस काय?’ म्हणून विचारा. पहिले काही दिवस ती प्रमाण मराठीतच उत्तर देईल. तुम्ही बोलत राहा.

साडेतीन ते सात या वेळेचे काय करायचे, हे तुमच्या नोकरीवर अवलंबून आहे आणि नोकरी सोडा असा सोपा सल्ला मी देणार नाही. तो देणाऱ्यांना घरभाडे भरायचे नसते. पण दोघांपैकी एकाला आठवड्यातून दोन दिवस तरी पाच वाजता घरी येता येते का, हे दोघांनी मिळून पाहायला हवे, आणि त्यात यजमानही आले. उरलेल्या दिवसांत तिला तासभर तरी माणसांत ठेवता येईल असे ठिकाण शोधा: इमारतीतल्या एखाद्या आजीआजोबांचे घर, जवळचे वाचनालय, चित्रकलेचा वर्ग, कबड्डीचे मैदान. सात दिवसांचे सात वर्ग लावू नका. गावी ती दुपारी नुसती भटकत असणार, तिला तशी मोकळीकही लागेल. रोज चार वाजता आजीचा फोन ठेवा, तुम्ही त्यात न बोलता, आणि त्या दोघींचे काय बोलणे झाले ते विचारू नका. आजीला वहीविषयी काही कळवू नका. आरवलीच्या गोष्टी ती आपण होऊन सांगेल, तिला कोणी सांगायची गरज नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला गावी पाठवा, आणि जूनमध्ये परत आल्यावर काही दिवस तिला पुन्हा जड जाईल हे आधीच लक्षात ठेवा.

मैत्रिणी दहा नकोत, एक पुरे. वर्गात बाहेरगावाहून आलेले आणखी कोणी नक्की असेल, विदर्भातले, खानदेशातले किंवा परप्रांतातले. अशा एखाद्या मुलीला रविवारी घावणे खायला बोलवा, आणि दोघींना खोलीत सोडून तुम्ही स्वयंपाकघरातच राहा. पुढेमागे तुमच्या मुलीने स्वतःहून तिला चौदाव्या मजल्याची गोष्ट सांगितली, तर ते आपल्या कोणत्याही उपायापेक्षा मोठे ठरेल, पण ते तिने ठरवायचे आहे. इंग्लंडमधल्या कादंबरीकार ब्राँटे बहिणी आणि त्यांचा भाऊ अशा चौघा भावंडांनी, आई आणि दोन थोरल्या बहिणी गेल्यानंतर, 1826 मध्ये वडिलांनी आणलेल्या लाकडी शिपायांपासून एक अख्खे राज्य रचले होते आणि त्या राज्याचे संरक्षक जिन्न म्हणून चौघांनी स्वतःलाच नेमले होते. चौघे होते, म्हणून ते जग त्यांना खेळ म्हणून पुरले. एकटीला ते जग सांभाळणे थोडे जड जाते, एवढाच फरक आहे.

शाळेत मात्र लगेच जायला हवे, आणि शक्यतो दोघांनी जावे. वर्गशिक्षिकेला एकांतात भेटा, वहीचा उल्लेख अजिबात करू नका, मुलीच्या बोलण्याला मुले हसतात, त्यामुळे ती वर्गात बोलेनाशी झाली आहे, एवढे उदाहरणांसह सांगा. ‘मुले आहेत, होतेच असे’ हे उत्तर मिळाले तर ते ऐकून परत येऊ नका. यावर शाळा काय करणार आहे आणि केव्हापर्यंत करणार आहे हे विचारा, आणि भेटीत ठरलेले त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. शिक्षिकेने सदिच्छेने मुलीला वर्गासमोर उभे करून ‘आता हिच्याकडून मालवणी गाणे ऐकू या’ असला कार्यक्रम करू नये, हेही आधीच बजावून ठेवा. हसणाऱ्यांत नेहमी एक-दोघे पुढारी असतात आणि बाकीचे त्यांच्याकडे पाहून हसतात. शिक्षिकेने त्या एक-दोघांशी वेगळे बोलावे आणि तुमच्या मुलीची बसण्याची जागा बदलून तिला एखाद्या शांत मुलीशेजारी बसवावे, ही मागणी रास्त आहे. महिनाभरात फरक दिसला नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा. आणि दरम्यान कुंडीत केळे दिसले, तर ते काळे पडण्याआधी उचलून टाका म्हणजे चिलटे होणार नाहीत, त्याबद्दल तिला काही विचारू मात्र नका.